मी धर्मापुरीला पोहोचले नाही

पेपरात छापून आलं की तेलगाव ते धर्मापुरी असे सत्तर किलोमीटर मी कॅन्सरच्या पेशंटसाठी पायी चालले. सोबत माझा फोटो होता, गळ्यात हार, अंगावर शाल. फोटो पहिल्या दिवसाचा आणि बातमी शेवटच्या दिवसाची. शेवटच्या दिवशी मी तिथं नव्हते. परळीच्या अलीकडे मी चालायची थांबले, ती थांबलेच.

हे लिहायला बसले त्याचं एक कारण ही बातमी. दुसरं असं की आजारातून उठलेल्या बाईबद्दल जे काही मी वाचलं, त्यात ती शेवटी फार शांत आणि समजूतदार झालेली असते. मी झाले नाही. मला अजून राग येतो, कधी लोकांचा आणि बऱ्याचदा स्वतःचा. नुकताच ज्यांना आजार कळला आहे, त्यांना राग येत असेल तर येऊ द्या. राग आला म्हणून औषध लागू पडत नाही, असं काही नाही.

आठ महिने

मी अंगणवाडी सेविका आहे. वीस वर्षं झाली. लेकरांची वजनं घेणं, गरोदर बायांची नोंद ठेवणं, लोहाच्या गोळ्या वाटणं हे माझं काम. अंगावर कुठं गाठ लागली तर दवाखान्यात जा, हे बायांना सांगणंही माझंच काम. प्रशिक्षणात मी ते दोनदा शिकले होते.

माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली ती अंघोळ करताना. हरभऱ्याएवढी होती आणि दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे साधी असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग सर्वेक्षण आलं, मग मोबाईलवर माहिती भरायची मुदत आली, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डॉक्टरला दाखवली. त्यांनी तपासलं नाही. टेबलाच्या पलीकडूनच म्हणाले, दुधाची गाठ असेल. माझं धाकटं लेकरू तेव्हा एकोणीस वर्षांचं होतं. एकोणीस वर्षांनी कसलं दूध, एवढं विचारायला माझी जीभ उचलली नाही. गोळ्या घेऊन घरी आले. असे आठ महिने गेले. गाठ लिंबाएवढी झाली आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली.

नातेवाईक कोण आहे?

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सुईची तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं गेलो, मी आणि माझे मालक, म्हणजे माझ्या लेकीचे, अश्विनीचे पप्पा. त्यांचं तेलगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. बोलणं कमी. माझं नाव पुकारलं म्हणून मी उठले, तर दारातला माणूस म्हणाला, "पेशंटला बाहेर बसू द्या. नातेवाईक कोण आहे?"

अश्विनीचे पप्पा आत गेले. मी बाकावर बसले. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते मी चार वेळा वाचलं. माझ्या अंगात काय आहे हे पलीकडच्या खोलीत माझ्याशिवाय सगळ्यांना कळत होतं. तो दिवस आठवला की मला आधी भीती आठवत नाही, तो बाक आठवतो.

ते बाहेर आले. म्हणाले, "गाठ हाय. काढायची म्हनले."

"कसली?"

"गाठ. साधी."

मी त्यांच्या हातातून कागद घेतला. इंग्रजी होता, पण एवढे फॉर्म भरले आहेत की मोठ्या अक्षरातले शब्द मला लागतात. कार्सिनोमा वाचलं. मग दार लोटून मी आत गेले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "पेशंट मी आहे. मला सांगा." तरुण होत्या. थोड्या ओशाळल्या, मग खुर्ची पुढं केली आणि कागदावर चित्र काढून सगळं समजावून दिलं. ते काम फार तर दहा मिनिटांचं होतं.

मंगळवार

ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो. आमचा वार मंगळवार होता. पहाटे तेलगावहून बस, तिथून दुसरी बस, रुग्णालयात पोहोचेपर्यंत नंबर साठ-सत्तरच्या पुढं गेलेला असायचा. आधी रक्त द्यायचं, रिपोर्टला थांबायचं, पेशी कमी भरल्या तर "पुढच्या आठवड्यात या" ऐकून आल्या वाटेनं परत. बसमध्ये उलटी आली तर कंडक्टर पिशवी द्यायचा, पण मागची सीट उठून दुसरीकडं जायची.

केमोच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर मंगल भेटली. धारूरकडची, वस्तीवर राहणारी, वय चाळीसच्या आत. नवरा ऊसतोडीला गेलेला. पहिल्या दिवशी तिनं माझ्या डोक्याकडं बघून विचारलं, "तुमचे केस पहिल्या डोसाला गेले का दुसऱ्या?" इतक्या दिवसांत हे सरळ विचारणारी ती पहिली बाई. तिच्याशी बोलताना मला जेवण जायचं. ती बाजरीच्या भाकरीबरोबर जवसाची चटणी आणायची. तोंडाला छाले असल्यामुळं दोघींनाही ती खाता यायची नाही, म्हणून दह्यात कालवून चाटायचो.

एका मंगळवारी मंगल आली नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या वेळी आली तेव्हा डॉक्टर तिच्यावर चिडले. ती ऐकून घेत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, पहाटं वस्तीवरून रस्त्याला यायला वाहन न्हाई. अंगात ताप. संगं कोन न्हाई. मी काय उडून येऊ?"

गाडीचा विचार तिथूनच निघाला. आमच्या भागातून दर मंगळवारी एक जीप निघावी, पेशंटला दारातून उचलावं आणि संध्याकाळी दारात सोडावं. त्यासाठी पैसे गोळा करायला चालत जायचं, ही कल्पना मंगलची. ती म्हणाली, "बसून मागितलं तर लोक म्हनतेल आजारी बाई हाय, भीक मागती. चालत गेलो तर थांबून इचारतेल तरी."

अश्विनी

माझे उपचार संपून सात महिने झाले होते. घरी सांगितलं, तर अश्विनीचे पप्पा उठून दुकानात गेले. ऑपरेशनपासून त्यांनी सगळं केलं होतं. माझ्या जखमेची नळी धुतली, माझं डोकं पुसलं, सासूबाईंना जेवू घातलं. पण कोणी विचारलं तर "गाठीचं ऑपरेशन" एवढंच सांगायचे. कॅन्सर हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता.

अश्विनी मात्र बोलली. तेव्हा तिच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. माणसं बरी होती, मुलगाही तिला आवडला होता.

"तू बरी झालीस ना? मग आता गावभर सांगत कावून फिरायचं?"

"बरी झाले म्हणूनच."

"आणि माझं काय? ते म्हणतील आईला होता, पोरीलाही होईल."

ते खरंच असं म्हणणार होते, हे मलाही दिसत होतं. मी म्हणाले, "जो असं म्हणतो तिथं जाऊ नकोस." वाक्य बरोबर होतं. पण ते म्हणताना माझं काहीच जात नव्हतं, जाणार होतं ते तिचं. ती आतल्या खोलीत गेली. चालायला निघायच्या आधी चार दिवस पाहुण्यांचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घरात तो आजार आहे. आमच्या गल्लीतल्या बायांसारखंच त्यांनीही त्याचं नाव घेतलं नाही.

अश्विनी माझ्याशी बोलायची बंद झाली. मी निघाले तेव्हा ती दाराशी आली नाही.

बायकांचा आजार

सकाळी सात वाजता निघायचं ठरलं होतं. थंडीचे दिवस, उन्हाच्या आत दहा किलोमीटर होतील असा हिशोब. पण झेंडा दाखवायला एक पुढारी येणार होते. ते साडेनऊला आले. तोवर आम्ही अकरा बाया मांडवात बसून होतो. आमच्यातल्या सहा जणी उपचार झालेल्या, बाकी त्यांच्या बहिणी, जावा. मागं लावलेल्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचा फोटो माझ्या फोटोच्या तिप्पट होता.

कार्यक्रम ठरवणारे गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, दोन शब्द बोला. फक्त ते स्तन-बिन नका म्हणू. शाळेची लेकरं आहेत, बुजुर्ग मंडळी आहेत. बायकांचा आजार म्हणा."

मी तसं म्हणाले. होय, मीच. "बायकांचा आजार" म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षं गरोदर बायांना सगळं उघड सांगणारी मी, माइकसमोर गेले आणि तो शब्द गिळला. दिंद्रुडपर्यंतचा सगळा रस्ता मी स्वतःला शिव्या देत चालले. मंगल शेवटी म्हणाली, "ताई, पुरं आता. उद्या म्हना."

रस्ता सोपा नव्हता. कारखान्याचे दिवस, उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, शेजारून गेल्या की पाचट अंगावर यायचं. काखेतल्या गाठी काढल्यामुळं माझा डावा हात सुजतो. त्यावर घट्ट बाही घालावी लागते. लोक त्याच हाताला धरून मला पुढं ओढायचे, फोटोसाठी. एका गावात चहा दिला तो आमच्यापुरता कागदी कपात. बाकीच्यांना काचेचे ग्लास. मंगलनं चहा तसाच ठेवला आणि उठली. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र कापूस वेचणाऱ्या बाया शेतातून धावत आल्या, ओट्यात वेचलेला कापूस पसरून त्यावरच आम्हाला बसवलं आणि त्यांच्याच तांब्यानं पाणी दिलं. तिथं मी पहिल्यांदा म्हणाले, "स्तनाचा कॅन्सर. गाठ हाताला लागते. दुखत नाही, म्हणूनच फसवते." कोणी लाजलं नाही. एकीनं तिथंच पदराआडून स्वतःला चाचपून बघितलं. निघताना त्यांनी कनवटीच्या नोटा आमच्या देणगीच्या डब्यात टाकल्या.

तिसऱ्या मुक्कामी, सिरसाळ्याच्या पुढं, माझा हात मनगटापासून खांद्यापर्यंत भरून आला. बोटं मिटेनात. मंगलनं मला न विचारता घरी फोन केला. चौथ्या दिवशी सकाळी अश्विनीचे पप्पा ओळखीच्या माणसाची जीप घेऊन हजर झाले. हात बघितला आणि म्हणाले, "चल घरी."

"नाही."

"कोनासाठी चाललीस? ते फ्लेक्सवाले घरी झोपलेत."

बरोबर होतं ते, आणि त्यामुळंच मला जास्त राग आला. मी चालायला लागले. ते जीप हळूहळू मागून आणत राहिले.

सखुबाई

वेचणी संपलेल्या कपाशीच्या रानात मेंढरं बसवलेली होती. एक बाई काठी घेऊन बांधावर उभी होती. तिनं हसत हाक मारली, "कशाचा मोर्चा हाय? पगारवाढीचा का?"

"कॅन्सरचा," मंगल म्हणाली.

ती हसायची थांबली. थोड्या वेळानं आमच्या बाजूनं चालायला लागली. नाव विचारलं तर सखुबाई म्हणाली. बांधाच्या टोकापर्यंत तशीच आली आणि मग एकदम विचारलं, "ताई, गाठ दुखत न्हाई तर ती त्याची नसती ना?"

मी थांबले. जीपच्या आडोशाला तिनं चोळीचं बटण काढून दाखवलं. कातडी आत ओढलेली, संत्र्याच्या सालीसारखी. आरशात बघावं तसं मला माझंच दिसलं.

"किती दिवस झाले?"

"मागल्या दिवाळीच्या आधीपून. मालक म्हनले, मेंढ्या व्याल्या की जाऊ. मंग म्हनले, लोकर कातरली की जाऊ."

तिचा नवरा बिरू पलीकडं जाळीच्या वाघरीपाशी होता. मी त्याला समजावलं. तो हात जोडून ऐकत होता आणि ऐकत नव्हता. म्हणाला, "बाई, इथला मुक्काम हालू द्या. पंधरा दिसांनी नेतो. ती चालती-फिरती हाय की."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. अश्विनीचे पप्पा जीपमधून उतरून आले होते.

"माझ्या बायकोला कॅन्सर झालता," ते म्हणाले. "स्तनाचा. ही बी चालती-फिरती होती. आठ महिने ही दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं करीत बसली अन् मी मोटारी भरीत बसलो. हिनं मला एकदा सांगितलं होतं, गाठ हाय म्हनून. मी म्हनलो, बघू. लई वाईट शब्द हाय तो. तुमी म्हनू नका."

मला हे माहीत होतं आणि मी विसरले होते. खरंच मी त्यांना सांगितलं होतं, पहिल्याच महिन्यात. इतके दिवस ते हे एकटे बाळगून होते. रडू आलं, आणि त्यांनी हे मला घरी का नाही सांगितलं, याचा संतापही आला. दोन्ही एकाच वेळी.

बिरूनं मेंढरांकडं बघितलं. मग सखुबाईची जाऊ, जी इतका वेळ कोकरं पाजत होती, ती म्हणाली, "मेंढरं मी बघते. घेऊन जावा."

तेवढ्यात फोन आला. परळीत अकराला सत्कार होता, पाहुणे निघाले होते. सखुबाईचं सांगितलं, तर कार्यक्रमवाले गृहस्थ म्हणाले, "ताई, उद्या न्या ना तिला. एका दिवसानं काय होतंय?"

"एका दिवसानं काही होत नाही," मी म्हणाले. "म्हणूनच दिवस जातात." आणि फोन बंद केला.

सखुबाई, बिरू आणि मी जीपमध्ये बसलो. डबा आणि फलक मंगलनं घेतला.

दवाखान्यात पोहोचलो तर ओपीडी संपत आली होती. उद्या या, म्हणाले. आम्ही उठलोच नाही. एका सिस्टरनं आत जाऊन डॉक्टरांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी सुईची तपासणी झाली, त्याच दिवशी मंगल बाकीच्या नऊ बाया घेऊन धर्मापुरीच्या देवळापाशी पोहोचली. तिथं माझ्या सत्काराची शाल कार्यक्रमवाल्यांनी तिच्या हातात दिली, "सुनंदाताईंना द्या" म्हणून. तिचा स्वतःचा सत्कार करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. ती शाल मी घेतली नाही. मंगल ती वस्तीवर पांघरते आणि म्हणते, ऊब बरी हाय.

आता

सखुबाईला कॅन्सर निघाला. पसरलेला नाही, पण लहानही नाही. मांडवातून जाहीर झालेल्या मोठ्या देणग्यांपैकी निम्म्याच आल्या. डब्यातल्या सुट्ट्या नोटांनी मात्र भर घातली आणि जीप सुरू झाली. पहिल्या मंगळवारी तीनच पेशंट आले. त्यातल्या दोघींनी गावातून बाहेर पडेपर्यंत तोंडावर पदर ओढून घेतला होता. आता सात-आठ येतात. अश्विनी माझ्याशी बोलते, पण त्या सोयरिकीबद्दल नाही. तिनं माफ केलं आहे का, हे मी विचारलेलं नाही. हात अजून सुजतो.

मागच्या मंगळवारी सखुबाईचा चौथा डोस होता. डोक्याला रुमाल बांधून ती माझ्या शेजारी बसली होती. रुमालाची गाठ तिनं पुन्हा घट्ट केली. मग म्हणाली, "ताई, खरं सांगा. मी बरी व्हईन का?"

बिरू पुढच्या सीटवरून मागं वळला. मी काय म्हणावं हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "माझंच मला माहीत नाही. सहा महिन्यांनी तपासायला जाते, तेव्हा दर वेळी भीती वाटते. डॉक्टर म्हणतात, आशा चांगली आहे. एवढंच माहीत आहे."

ती सीटवर नीट टेकून बसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "बाकी समदे म्हनतेत काई होत न्हाई. मला वाटलं, मी एकलीच भेते."